माडाला कान लावणारे बस्त्याव अंकल

बस्त्याव अंकल माडाला कान लावायचे तेव्हा गिरगावातली आमची अख्खी वाडी गप्प बसायची. चष्मा काढायचा, गाल खोडाला टेकवायचा आणि एक हात वर धरायचा. गोदीतली कारकुनी संपल्यावर दर शनिवारी वाडीतले पाचही माड ते असे तपासत.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला दोन भुंगे शिकवले. गेंडा भुंगा काळा, शिंगवाला. तो शेंड्यात शिरतो, झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. सोंड्या तांबडा, लांब सोंडेचा. त्याच्या अळ्या खोड आतून खातात. बाहेर तपकिरी पाणी झिरपतं, आत कुरतडल्याचा आवाज येतो. "गेंडा दिसतो, पण माड जगतो. सोंड्या दिसत नाय, न् माड पाडतो," ते म्हणायचे.

आमच्या पत्र्यावर झुकलेल्या माडाच्या झावळ्या कापलेल्या दिसल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्याच पत्र्याखाली माझ्या चार महिन्यांच्या लेकीचा पाळणा होता. अंकलनी कान लावला, गेंडा म्हणाले, शेंड्यात डांबरगोळ्या घालायला लावल्या.

पंधरा दिवसांनी दुपटी वाळत घालताना खोडावर तपकिरी ओघळ दिसला. मी त्यांना अक्षरशः ओढत आणलं. बराच वेळ कान लावून ते म्हणाले, "गेंडाच." माझं डोकंच फिरलं. मी स्वतः कान लावला. आत कोणी टोस्ट चावतंय तशी कुरकुर चाललेली.

"अंकल, हे ऐकू येत नाही तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं.

"दोन वर्सं झाली गो," ते खालमानेने म्हणाले. "कोणाला बोललो नाय."

मी त्यांना नको नको ते बोलले. त्याचं आजही वाईट वाटतं, पण तेव्हा पाळण्याशिवाय काही सुचत नव्हतं. लेकीला शेजारी हलवलं. चौथ्या दिवशी माड तोडायची पालिकेची परवानगी आली, माड वरून तुकड्यातुकड्याने उतरवला. मधलं खोड हाताने चुरलं जात होतं. अंकल शेवटपर्यंत टोपी हातात धरून उभे होते.

पुढच्या शनिवारी ते दारात आले. "आता तू ऐक," म्हणाले. तेव्हापासून कान माझा, शेजारी ते. गेल्या वर्षी ते गेले. त्याआधीच्या शनिवारी एका माडाला कान लावून मी म्हटलं, "काही नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय नाय, असं नको बोलू. ऐकू आलं नाय, असं बोल. मला तेवढंच बोलता आलं नाय."