काकाजी आणि खिडकीतले कप

निघून गेलेल्या माणसाचा कप काकाजी लगेच धुवू देत नसत.

माणूस चहा पिऊन मोटरसायकलवर बसला, मोठ्या रस्त्याला लागून दिसेनासा झाला, की काकाजी त्याचा कप स्वतः उचलायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवायचे. तळाशी राहिलेल्या चहासकट. मुंग्या लागू नयेत म्हणून कपाखाली ताटलीत थोडं पाणी असायचं. शिवनीकडे गेलेल्याच्या कपाचा कान उत्तरेकडे, हैदराबादकडे गेलेल्याचा दक्षिणेकडे. त्या माणसाचा पुढच्या मुक्कामावरून ‘काकाजी, पहुंच गया’ असा फोन येईपर्यंत कप तिथेच. फोन आला की ते माझ्या आईला हाक मारायचे, “धुवा वं बाई, थो लाल टाकीवाला पोहोचला.”

माझी आई त्यांच्याकडे भाकरी करायला जाते. बाबा कामठीत मागावर विणकाम करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची हे सांगणारं घरात कोणी नाही. मी कपापासून केली. काकाजी म्हटलं की मला आधी ती खिडकीच दिसते.

कामठीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत त्यांचं शेत होतं. तिथे त्यांनी मोटरसायकलवर लांब फिरणाऱ्यांसाठी मुक्कामाची जागा केली होती. तंबू ठोकायला जागा, चार खोल्या, एक पत्र्याचं छप्पर आणि विहीर. पाटीवर फक्त ‘थांबा’ एवढंच. पेंटरने विचारलं होतं म्हणे, “काकाजी, पुढं काय लिहू? लॉज लिहू का कॅम्प लिहू?” काकाजी म्हणाले, “थांबले का झालं ना गा. पुढचं मंग सांगू त्याईले.”

आणि हा मुक्काम चालवणारा माणूस जन्मात कधी मोटरसायकलवर बसला नव्हता. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली. बरोबरीचे सगळे गाड्यांवर यायचे, हे कंपनीच्या बसने. बस चुकली तर दुसरं काहीतरी शोधायचे, पण कोणाच्या मागे बसायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “भेव लागते मले.” त्यात त्यांना लाज वाटत नसे. दाढीवाले, अंगभर चामड्याचे कपडे घातलेले मोठाले पुरुष समोर बसलेले असत आणि काकाजी त्यांना शांतपणे सांगत, “तुम्हारे गाडी का आवाज सुनके मेरे पेट में गोला आता.” ते हसायचे. काकाजीही हसायचे.

मुक्काम सुरू झाला तो ठरवून नाही. रिटायर झाल्यावर ते आणि काकू शेतावर राहायला आले. त्या मे महिन्यात काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेले दोघे जण पाणी मागायला आत वळले. तोंडं लालबुंद, बोलायचीही ताकद नाही. काकाजींनी त्यांना विहिरीच्या पंपाच्या धारेखाली कपड्यांसकट बसवलं, मग चिंचेखाली खाटा टाकून दिल्या. दोघे दुपारभर झोपले. उठले तेव्हा सूर्य उतरला होता आणि काकाजींनी त्यांना जाऊ दिलं नाही. “अंधार पडून राहिला, आता कुठी जाता?” वरण-भाकर खाऊन ते तिथेच राहिले. पुढच्या हिवाळ्यात अनोळखी गाड्या रस्त्यावर थांबून विचारू लागल्या, “वो इमली के पेड वाले काकाजी कहाँ हैं?” मग छप्पर झालं. मग तंबूखाली पाणी वाहू नये म्हणून मातीचे ओटे झाले. मग खोल्या, आणि खोल्यांना कूलर.

अंधार पडल्यावर कोणी निघायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कोणी फारच हट्ट केला तर गाडीची किल्ली सापडेनाशी व्हायची. ती पिठाच्या डब्यात असते हे आईला आणि मला माहीत होतं. एकदा दिल्लीचा एक जण चिडून काकाजींच्या अंगावर ओरडला. काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चिल्लाने से भूख लगती. बैठ, खाना खा.” सकाळी त्याला किल्ली मिळाली तेव्हा तिला पीठ लागलेलं होतं. नंतर तो दरवर्षी यायचा आणि आल्याबरोबर किल्ली स्वतःच डब्यात टाकायचा.

नागपुरात आलोय म्हटल्यावर पाहुण्यांना झणझणीत सावजी मटण हवं असायचं. काकाजी सकाळी लांब जाणाऱ्यांना ते देत नसत. “उद्या दिवसभर सीटवर बसाचं हाय ना तुले?” एवढंच विचारायचे. एक पंजाबी मुलगा ऐकला नाही, कामठीला जाऊन खाऊन आला. दुसऱ्या दिवशी निघताना तो गाडीच्या पायदानांवर उभा राहूनच गाडी चालवत गेला. काकाजी त्याचा कप खिडकीत ठेवताना हसत होते, पण फोन येईपर्यंत दोनदा बाहेर येऊन रस्त्याकडे बघून गेले.

कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, “असं काय आहे तिथे, एवढ्या लांबून लोक येतात?” मला नीट सांगता यायचं नाही. पोहायचा तलाव नाही, डोंगर नाही, फोटो काढण्यासारखंही फारसं काही नाही. जेवण आमच्या घरी असतं तसंच. एकदा लोणावळ्याकडचा एक माणूस आईला म्हणाला होता, “मावशी, मी घरी भांडून निघालोय. मी कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नाही. तुमच्या खिडकीला माहीत आहे.” आईला ते कळलं नाही, तिने त्याला अजून एक भाकरी वाढली. मला तेव्हा वाटलं, कदाचित हेच असेल. पण मी कोणाला तसं सांगितलं नाही. शोभलं नसतं.

कपांचं कारण मी त्यांना एकदाच विचारलं. मी छपराखाली अभ्यास करत होते, ते शेंगा सोलत होते.

“काकाजी, कप काहून धुऊ देत नाही तुम्ही?”

“लहान भाऊ होता मले,” ते म्हणाले. “दोस्ताची गाडी घेऊन शिवनीले निंघाला, नोकरीचं पाहाले. दुपारी चहा पेला अन् गेला. मायनं लगेच कप धुतला, आंगण झाडलं. कोनी गेल्यावर लगेच झाडत नाई ना आपन, पन तिच्या ध्यानात नाई राहिलं. थो शिवनीले पोहोचलाच नाई. ट्रक होता.”

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नव्हतं.

“मायनं कप धुतला म्हनून थो गेला का? नाई. मले समजते ना वं, मी काई येडा नोय. पन माय मरेपर्यंत म्हनत राहिली, मले कप धुवाची काय घाई होती. थेच कानात बसलं. आता कोनी निंघाला का कप धुवाले हात होतच नाई.”

पाहुण्यांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. पाहुण्यांना वाटायचं ही म्हाताऱ्याची गंमत आहे. केरळच्या एका मुलाने पोहोचून फोन केलाच नाही. त्याच्या कपावर बुरशी धरली. काकाजींचं जेवण कमी झालं. त्यांनी मला त्या मुलाच्या मित्रांना, मित्रांच्या मित्रांना फोन लावायला बसवलं. माझं इंग्रजी तुटकं, मी अडखळायची. ते बाजूला बसून म्हणायचे, “बोल वं, थेही तुयासारखेच चुकत असन.” शेवटी तो मुलगा सापडला. घरी पोहोचून मजेत होता, फोन पाण्यात पडला होता एवढंच. काकाजींनी फोन माझ्याकडून घेतला आणि मराठीतच त्याला झाडलं. “का बे, इथं तुया कपात बगीचा उगवला!” त्याला एक शब्द कळला नसेल. तो सारखा ‘सॉरी अंकल’ म्हणत होता. त्यानंतर पाहुणेच एकमेकांना दटावायचे, आधी काकाजीला फोन लाव.

बी.ए.नंतर मला हैदराबादला एम.ए.साठी प्रवेश मिळाला. पोरीला एवढ्या लांब पाठवायचं की नाही हे आई-बाबांना ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. काकाजींनी बाबांना बोलावून चहा दिला. म्हणाले, “दुसऱ्याचे पोट्टे इतक्या दुरून आपल्या दारी येते, आपन त्याईले जेवू घालतो. आपली पोट्टी गेली तर तिलेही कोनी घालन ना गा.” बाबा हो म्हणाले. मग काकाजी माझ्याकडे वळले. “गाडी नाई अन् निंघून राहिली, अशी तू पयलीच. तुयाही कप ठेवीन. कान हैदराबादकडे.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी ते छपराखाली चहा पीत होते. अर्धा कप झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि छातीवर हात धरला. तोंडावर घाम आला. त्या दिवशी नाशिकचा एक जण मुक्कामाला होता. त्याने लगेच गाडी सुरू केली. “बसा काकाजी, धरून बसा, मी पोचवतो.” काकू मागून ओरडत होत्या, “बसा ना जी! काहून हट्ट करून राहिले?” काकाजींनी मान हलवली. धड बोलता येत नव्हतं तरी म्हणाले, “गाडीवर नाई.” शेजाऱ्यांकडची मोटार आणेपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे होतो. मोटारीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. “संध्याकाळी येतोच,” म्हणाले.

त्यांना नागपुरात रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. मी छपराखालचा कप उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. ताटलीत पाणी घातलं. कपाचा कान शहराकडे केला. कोणी मला सांगितलं नव्हतं.

काकूंचा फोन आला तेव्हा मी आईला पीठ मळून देत होते. आईने ऐकलं आणि ती खाली बसली. मी पीठ मळत राहिले. ते पुरेसं मऊ झालं होतं, तरी मळत होते. मला काहीच वाटत नव्हतं. लोक जमले, रडणं झालं, रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली. दिल्लीचा तो माणूस आला. त्याने सवयीने खिशातून किल्ली काढली आणि मग ती हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी त्याच्या हातातून ती घेतली आणि पिठाच्या डब्यात टाकली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं हे लिहिताना तरी वाटेल.

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की गाडीवर नेलं असतं तरी उपयोग नव्हता. काकूंनी ते ऐकलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. “मी जबरीनं बसवाले पायजे होतं. मी काहून नाई बसवलं?” मला काकाजींची आई आठवली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

नातेवाईक बायांनी घरातली सगळी भांडी घासायला काढली. त्यातली एक खिडकीतला कप घ्यायला गेली, तर काकूंनी तिचा हात धरला. “थो राहू दे.” त्या बाईला वाटलं, दुःखात आहेत. कप राहिला. ताटलीतलं पाणी आटलं की काकू भरायच्या.

मी जायचं की नाही, हे आता पुन्हा कोणी बोलत नव्हतं. मी मनातून नाही असंच धरलं होतं. एक दिवस काकूच म्हणाल्या, “त्यायनं तुया बापाले हो म्हनवलं होतं. आता काय थांबते?” पाटी अजून तिथेच आहे, पाहुणे येतात, काकू आणि आई मिळून सगळं बघतात. कॉलेजचं सामान एका बॅगेत मावलं. निघायच्या सकाळी काकूंनी मला चहा दिला. मी पूर्ण प्यायले नाही, थोडा ठेवला.

हैदराबादला उतरून वसतिगृहात सामान टाकलं आणि फोन लावला. बोटांनी आधी काकाजींचाच नंबर लावला होता. तो आता काकूंकडे असतो. त्यांनीच उचलला.

“पोहोचली का वं?”

“हाव काकू. पोहोचले.”

“जेवली?”

“जेवते आता.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “थांब जराशीक.”

त्यांनी फोन खिडकीत ठेवला असावा. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून उभी होते. पाणी जरा वेळच पडलं, एक कप धुवायला लागतं तेवढं. मग नळ बंद झाला.