सत्तावीस अंशांचा अॅम्प्लिफायर

नानांचा स्पीकर सुपडूभाऊनं नाही, मी जाळला. हे एवढंसं वाक्य तोंडातून निघायला मला एक वर्ष लागलं.

नाना म्हणजे माझे सासरे, मुक्काम धुळे. सुपडूभाऊ हा त्यांच्या गल्लीतला वायरमन. कानबाई ही आम्हा खानदेशकरांची श्रावणातली देवी; तिच्या मांडवातली लाइट आणि माइक वीस-बावीस वर्षं त्याच्याच हातचा. आणि मी जळगावात मेहरूणला राहणारा, शाळेत गणित शिकवणारा जावई. आमच्याकडे सासरी जावयाची चूक कुणी दाखवत नाही. प्रथा म्हणून चांगली आहे, पण जावयाच्या प्रकृतीला घातक! (चार दिवस चुकत नाही म्हटलं की माणसाला ते खरंच वाटू लागतं.)

श्रावण महिनाभरावर आला आणि नानांचा फोन आला. "अक्काना आवाज आते मांगे जात नही. सुपडूनं मशीन बी नुसतं खरखर करस." अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. कानबाईची गाणी तिच्या तोंडची, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली नाहीत तर सणाला अर्थ काय?

"नाना, मशीन मी घरी बनवून आणतो!" मी म्हणालो. बोलून झाल्यावर भीती वाटली. मला आजवर फक्त बल्ब बदलता येत होता.

पण हल्ली सोय आहे. सर्किट तपासायचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. पडद्यावर ट्रान्झिस्टर मांडायचे, रेघा जोडायच्या, बटण दाबायचं. ना शॉक, ना धूर. मी पंधरा दिवस बटण दाबलं. पडद्यावर अशी सुरेख लाट उमटायची की बायकोला दोनदा हाक मारून दाखवली. "छान आहे. वाजतं का?" तिनं विचारलं. बायकांना लाटेतलं काय कळतं!

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. काही वेगळं सांगितलं नाही तर हे सॉफ्टवेअर तापमान सत्तावीस अंश धरून चालतं, आणि कितीही वीज वाहिली तरी त्यातला ट्रान्झिस्टर तापत नाही. सत्तावीस अंश! खानदेशात सत्तावीस अंशाला आम्ही स्वेटर शोधतो.

रविवारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात यंत्र बसवून मी एसटीत बसलो. डब्यातून तांबडी-काळी वायर लोंबत होती. एरंडोल येईपर्यंत शेजारचा माणूस उठून उभा राहिला होता. पारोळ्याला त्याच्या मागचाही उठला. कंडक्टरनं लांबूनच विचारलं, "काय आहे त्यात?"

"अॅम्प्लिफायर."

"फुटणार नाही ना?"

"कॉम्प्युटरवर तपासलाय!" मी म्हणालो. तरी डबा मी मांडीवरून हळूच पायाशी ठेवला.

धुळ्यात नानांनी स्वतः स्पीकर आणून दिला. पहिल्या पगारातून घेतलेला. त्यावर घरात कुणी रुमालसुद्धा ठेवत नसे. "तुमच्यावर भरोसा शे म्हनीसन देस," ते म्हणाले.

सुपडूभाऊनं वायर जोडून दिली. दुपारी चाचणी सुरू झाली. पाच मिनिटं अक्का झकास ऐकू आली. मग सुपडूभाऊ डब्यावर वाकला.

"जवाईबापू, हाई तपी राह्यनं. जाड पत्रा लावा ना यास्ले." (ट्रान्झिस्टर तापताहेत, उष्णता ओढून घ्यायला त्यांना जाड पत्रा लावा, असं त्याचं म्हणणं.)

"गरज नाही. कॉम्प्युटरनं तपासलंय."

"कॉम्प्युटरनी हात लाई देखा का?"

मी हसलो. तेवढ्यात डब्यातून "भुंऽऽ" असा आवाज आला, स्पीकरचा पडदा बेडकाच्या गळ्यासारखा फुगला, आणि फट्! धुराची एक बारीक रेघ थेट कानबाईच्या दिशेनं निघाली. अक्का ओळीच्या मधोमध थांबली. कानबाई खोटं खपवून घेत नाही म्हणतात, आणि मी अजून खोटं बोललोही नव्हतो!

नाना धावत आले. "काय व्हयनं?"

मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. तोंडानं परस्पर सांगितलं, "सुपडूभाऊनं वायर उलटी जोडली... बहुतेक." (हे 'बहुतेक' माझ्या सज्जनपणाचं!)

"सुपडू!" नाना भरगल्लीत कडाडले. "इतला वरीस व्हयनात, तुले वायर जोडता येस नही? पुढला साल मांडवमा पाय ठेवू नको!"

सुपडूभाऊनं डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "चुकनं, नाना."

ते वर्ष मी कसं काढलं, मलाच ठाऊक. धुळ्याचा फोन वाजला की मी बाथरूममध्ये जायचो. घरात काही करपलं की, "मी नाही!" असं आधीच ओरडायचो.

पुढच्या श्रावणात मांडवाला दुसरा वायरमन होता. सुपडूभाऊ गल्लीच्या टोकाला पाहुण्यासारखा उभा. हातातला रोट, कानबाईचा तो प्रसाद, मी तसाच ताटात ठेवला. शेवटी उठलो. त्याच्यापाशी गेलो.

"सुपडूभाऊ, गेल्या वर्षी... तुमची वायर बरोबर होती."

"माले मालूम शे."

"मग बोलला का नाहीत?"

"जवाईले सासरासमोर कसं बोलनार?"

मागे कुणीतरी खाकरलं. नाना! आता मात्र मी कानबाईचा धावा सुरू केला.

नाना शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, हळू नका बोलू. मी सुपडूले बठ्ठी गल्लीसमोर बोलनू व्हतू. आते बठ्ठासले ऐकू जावाले पाहिजे." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, अख्ख्या गल्लीला.

नव्या वायरमननं तत्परतेनं माइक पुढे केला.

"नही, नही!" सुपडूभाऊ झेपावला. "जवाईबापूस्ना हातमा माइक देऊ नका!"

तेव्हा मी भरमांडवात उभा राहिलो, हात जोडले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "सुपडूभाऊ, स्पीकर मी जाळला! तुमच्यावर खोटा आळ घेतला! मला माफ करा!"

आणि गाणी आटोपून शेवटच्या रांगेत जाऊन बसलेली अक्का कानाला हात लावून म्हणाली, "काय म्हने जवाई? परत सांगा म्हना."

मी परत सांगितलं.