कसूर कुणाचा, ते कळलं तेव्हा

दुष्काळाच्या त्या वर्षी हर्सूलच्या पुढच्या वस्तीत आठवड्यातून दोनदाच टँकर यायचा. वैजापूरकडची बरीच कुटुंबं मेंढरं विकून तिथं आली होती आणि शहरात उठणाऱ्या इमारतींवर कामाला लागली होती. मी सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका होते. पाळी, गर्भ, दोन बाळंतपणांतलं अंतर हे बायकांना समजावून सांगायचं माझं काम. अंगणवाडीत बैठक बोलावली की दोघीतिघी यायच्या, पदराआड हसायच्या आणि निघून जायच्या. मग मी चित्रांचा तक्ता घेऊन टँकरच्या रांगेतच बसायला लागले. तिथून कोण उठून जाणार?

त्या रांगेत एक तरुण सून होती. दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी. तिनं मला एकदा हळूच विचारलं होतं, "तांबी बसवता येईल का हो? पण सासूला पोरगा पाहिजे." सासू जरा पलीकडं हंड्याला टेकून बसलेली असायची.

एके दिवशी कुणीतरी थट्टेत विचारलं, "बाई, पोरगा व्हायला काय खावं?"

मी म्हणाले, "खाऊन काही होत नाही. बाईचं बीज एकाच प्रकारचं, पुरुषाचं दोन प्रकारचं. त्यातलं कुठलं रुजतं त्यावर मुलगा की मुलगी ते ठरतं."

सासू उठून माझ्यासमोर आली. "पुन्यांदा सांग."

मी सांगितलं. तिनं तिसऱ्यांदाही सांगायला लावलं, तक्त्यावर बोट ठेवून.

"म्हंजी बाईचा कसूर नाय?"

"नाही."

"मला पाच पोरी झाल्या. सहावा ह्यो पोरगा, हिचा नवरा. पाचवीच्या वक्ताला ओल्या बाळंतिणीला घरात घेतलं नाय, मेंढरांपाशी निजले. इतकी वरसं वाटायचं, माझंच पोट वंगाळ."

"पुरुषाचाही दोष नाही, आजी. ते कुणाच्याच हातात नसतं."

"त्याचाबी नाय? मग त्यानं मला मारलं ते कशापायी?"

टँकर आला, गलका उसळला, तरी ती जागची हलली नाही. तिचे हंडे सुनेनं भरले.

चार दिवसांनी ती सुनेला घेऊन दवाखान्यात हजर. मुलगा मागून चालत आला होता, तोंड पाडून. "आये, एक पोरगं तरी होऊ दे," तो म्हणाला.

"दोन लेकरं हायेत तुला. त्यांना मोठं कर."

डॉक्टरबाईंनी सुनेला आत नेलं आणि विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"तांबी मलाच पाहिजे," सून म्हणाली. एवढा मोठा आवाज मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या बैठकीला अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारीनं घरोघरी जाऊन बायका उठवल्या होत्या. मी बोलायला लागले, तर मला हातानंच थांबवून तिनं तक्ता ओढून घेतला. "तू बस, मला येतंय."

त्या दिवाळीला तिचे पाचही जावई वस्तीवर आले. तिनं मला मुद्दाम बोलावणं धाडलं. जेवणाआधी त्यांना ओळीनं बसवून दोन प्रकारच्या बीजांचं सगळं समजावलं. एक शब्द चुकला नाही. थोरला जावई मान खाली घालून ऐकत होता. दारात तिच्या पाची लेकी उभ्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या.