बॅगेतून काढलेलं सामान

पुण्याच्या हॉस्टेलला काय आणू नको, हे तिथली एक सीनियर मुलगी मला फोनवर सांगत होती. फोन स्पीकरवर होता, हीच माझी चूक. ती ज्या वस्तूचं नाव घेई, ती वस्तू अम्मा लगेच बॅगेत भरी. इस्त्री आणू नको, वॉर्डन काढून घेते. इस्त्री भरली. उशी नको, तिथं मिळते. उशी गुडघ्यानं दाबून कोपऱ्यात कोंबली. बारावीची पुस्तकं तर अजिबात नको. ती दोऱ्यानं बांधून तयारच होती.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून आई ती अम्मा, वडील ते नाना, आणि धाकट्या बहिणीची मी अक्का. आमच्या गल्लीतून मुलगी बॅग भरून निघते ती सासरी. दुसरं कुठं निघालेली कोणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी सवयीप्रमाणं मला सासरी पाठवायला घेतलं. पाच डब्यांचा स्टीलचा सेट आला. कुंकवाचा करंडा आला. शेजारच्या मावशी तर तवाच घेऊन आल्या.

“तितं भाकरी कशावर भाजणार गं?”

“मावशी, तिथं मेस आहे.”

“मेस हाय म्हणं! रोज परक्याच्या हातचं खाणार व्हय? चार दिवसांत वाळून काटकी होशील की.”

मी तवा बाहेर काढला. मावशींनी तो परत आत घातला. शेवटी मी इतकी चिडले की अख्खी बॅग उलटी केली आणि म्हटलं, आता कुणी हात लावला तर मी जाणारच नाही! जमलेल्या बायका हसल्या. अम्मा हसली नाही. “मी जाणार नाही” हे त्या घरात थट्टेनं म्हणायचं वाक्य नव्हतं.

कारण असं. नाना ज्या कारखान्यात लूमवर, म्हणजे मागावर होते, तो बंद पडला होता आणि ते कामाच्या शोधात दिवसभर बाहेर असत. घर चालायचं ते अम्माच्या विड्यांवर. विडीच्या कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. सारख्या कमी भरल्या तर अम्माचं विडी कामगाराचं कार्ड बंद, म्हणजे कामच बंद. अम्माचा उजवा अंगठा आखडला होता, कात्री धरवत नव्हती. ती वळायची कशीबशी. पण पानं भिजवून, पत्र्याचं माप ठेवून कापायची मी. कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर. मी पुण्याला गेल्यावर कोण कापणार? घरात उरत होती एकटी धाकटी. दहावीत होती, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिला विड्यांच्या सुपासमोर बसवायचं नाही, एवढीच अट घालून मी हॉस्टेलला हो म्हटलं होतं, आणि अम्मानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून मला वचन दिलं होतं.

उलट्या केलेल्या बॅगेतून सगळ्यात शेवटी सूप पडलं. तळाशी, माझ्या कपड्यांखाली घातलेलं. त्यात फडक्यात गुंडाळलेली कात्री आणि पत्र्याचं माप.

मी म्हटलं, “अम्मा, हे काय?”

“कॉलेज दुपारी सुटणार ना?” अम्मा अगदी साधेपणानं म्हणाली. “मग संध्याकाळी तू रिकामीच की. आठवड्याची पानं मी एसटीनं पाठवीन. तू कापून परत पाठव. म्हणजे हिला नको बसायला.”

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. बाई गं, काय हिशेब केला होता तिनं! दिलेलं वचन पाळायचा तिच्याकडे एवढा एकच मार्ग होता, आणि तो तिनं बॅगेच्या तळाशी ठेवला होता. मी तिला समजावत बसले. एका खोलीत चौघी असतात, पानं भिजवायला जागा नसते, एसटीत पानं वाळून जातील. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

“मग कसं?” तिनं विचारलं.

धाकटी दारात उभी होती. ती आली, सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. म्हणाली, “अक्का, तू बॅग भर. उशीर होतोय.” कुणीच तिला अडवलं नाही. मीसुद्धा बॅगच भरत राहिले.

दिवाळीला घरी आले तर ती ओसरीवर मांडी घालून बसली होती आणि खाली न बघता तिची कात्री चालत होती. केसांना तंबाखूचा वास. शाळेच्या बाई दोनदा येऊन गेल्या होत्या, दोन्ही वेळा त्यांना ती आजारी आहे असं सांगितलं होतं. मी अम्मावर ओरडले. वचनाचं काय झालं, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. धाकटीच म्हणाली, “तिच्यावर कशाला ओरडतेस? मी स्वतःच बसले.” मी म्हटलं, मी कॉलेज सोडून येते. तर तिनं पहिल्यांदा कात्री थांबवली आणि माझ्याकडे रागानं बघितलं. “मग माझी दहावी कशाला गेली? तू येऊन बसलीस तर दोघींचं गेलं की.”

सुट्टी संपल्यावर मी पुण्याला परत गेले.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. मला नोकरी लागली की तुला बाहेरून दहावीला बसवते, असं मी दर फोनला म्हणते, आणि ती “बघू की” म्हणते. परवा तिनं स्वतःहून फोन केला. आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं, फॉर्म भरला असेल. “अक्का, मला अठरा पूर्ण झाली ना! विड्यांचं कार्ड माझ्या नावावर झालं. अम्मा गल्लीत पेढे वाटतेय.”

मी तिला अभिनंदन म्हटलं.