वायरीच्या चित्रावर भाऊचा फोटो

नाई, मी हा व्हॉट्सॲप ग्रुप काऊन सोडून राह्यलो ते कोणी विचारलं नाई. तरी सांगतो.

माझ्या जुन्या कंप्युटरचं पुस्तक मी सिंदेवाहीत स्कॅन करून आणलं आन् पेनड्राईव्हच ग्रुपच्या ॲडमिन भाऊले देला, म्हटलं वाट सगळ्याईले; माझ्यापाशी कॉपी ठेवली नाई. मूळ पुस्तक मंग उधईनं, म्हंजे वाळवीनं, खाल्लं.

आज धानोऱ्याहून एका बाईचा फोन आला. तिचा नवरा वारला. त्याची गोंडी गाणी त्याच्या बंद कंप्युटरात अडकली, माझ्यापाशी होता तसाच तो.

"दादा, ग्रुपवरच्या तुमच्या पुस्तकात वायरी कुठी लावाच्या ते पान दिसत नाई. मधात एक माणूस हात जोडून उभा हाय."

पाह्यलं तं खरंच. ग्रुपवर फाईल टाकताना भाऊनं हरेक पानावर सोताचा फोटो टाकला, खाली 'शुभेच्छुक'. वायरीचं चित्र पुरं त्याच्या पोटाखाली.

त्याले फोन केला. "फोटो नसलेली फाईल पाठव."

"डिलीट केली काका, मोबाईल भरला होता. पण फोटो मस्त आला ना?"

तुमी सगळ्याईनं तेच पान पाहून अंगठे देले होते. उघडून वाचलं कोणी?

त्या बाईले मी काय सांगितलं ते मले विचारू नका. सोडतो मी हा ग्रुप.