पाचोडचा हंडा आणि आईच्या नावापुढची चूक

प्रथम घटनाक्रम. आईच्या रुखवतात तांब्याचा हंडा आणि कळशी आली. प्रघाताप्रमाणे दोन्हींवर नाव घातले गेले: ‘सौ. सुमन दिनकर, पाचोड’. पुढे दुष्काळात विहीर आटली. “पाणीच नाही, तर भांडी कशाला?” असे म्हणून आईने दोन्ही मोडीत दिली. काही वर्षांनी आई गेली. गेल्या महिन्यात, अनेक संग्रहालयांच्या नोंदी एकमेकींशी जोडणाऱ्या एका संकेतस्थळावर मी तिचे नाव शोधले. हंडा छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी संग्रहालयात निघाला, कळशी नागपुरात. दोन्ही नोंदी आईच्या नावाच्या एकाच दुव्याने जोडलेल्या होत्या. दुव्यावरचा शब्द होता ‘कारागीर’; म्हणजे ती भांडी आईनेच घडवली, असे ठरले होते.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. वाळूजपाशी कंपन्यांच्या बसगाड्यांमागे बराच वेळ जातो; पाळी सुटण्याची वेळ टाळावी. संग्रहालयाचे कोठार पूर्वपरवानगीशिवाय उघडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

नोंदी सांभाळणाऱ्या रेणुकाने हंडा टेबलावर ठेवला. “हातमोजे घाला, मॅडम.”

घातले. त्यामुळे तांब्याचा गारवा हाताला लागलाच नाही.

“भांड्यावर मालकिणीचे नाव घालतात, एवढे ठाऊक नाही तुम्हाला?” मी विचारले.

“ठाऊक आहे हो. पण नोंदीच्या साच्यात नावासाठी एकच रकाना होता, कारागिराचा. नागपूरवाल्यांनीही तोच साचा वापरला. आता नाव काढलं तर दुवा तुटेल. मग कळशी कुठं आहे, ते कुणाला कळणार?”

ज्या चुकीचा मला संताप आला होता, तिनेच ती दोन भांडी पुन्हा एकत्र आणली होती.

दुसऱ्या दिवशी पाचोडला गेले. रस्ता उत्तम, बाजाराच्या दिवशी मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही. चुलतभाऊ दत्ताने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मोबाइलवरची नोंद वाचून तो हसत सुटला.

“काकू कारागीर? ताई, लई हुशार व्हती काकू, पण तांबं कवा ठोकलं तिनं?”

“हसू नकोस. सगळ्या जगाला दिसते आहे ते.”

“दिसू दे की! निदान नाव तरी हाय.” मग थांबून म्हणाला, “हंड्यावर कळशी ठेवून यायची बघ. थेंब नाय सांडायचा.”

घरी परतल्यावर मी दोन्ही छायाचित्रे पडद्यावर एकावर एक ठेवली: खाली हंडा, वर कळशी. आईला तशी येताना मी कितीदा पाहिले होते! आता ती दोन छायाचित्रांमधल्या रेघेइतकीही दूर नव्हती, आणि तरी कुठेच नव्हती.

दोन्ही संग्रहालयांना माझी मागणी स्पष्ट आहे. आईची व्यक्ती म्हणून स्वतंत्र नोंद करावी, तिच्यापुढे ‘मालकीण’ लिहावे, हंडा व कळशी त्या नोंदीला जोडावीत, आणि त्यानंतरच ‘कारागीर’ काढावे; आधी नव्हे. मधल्या काळात एक दिवसही ती दोन भांडी परस्परांपासून तुटता कामा नयेत. हे करणार की नाही, ते मला लेखी कळवावे.