कूलरसमोर बसलेलं डोकं

तापलेला चिमटा मी वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवला. कागद पिवळा पडला. म्हणजे अजून फार गरम होता. मी थांबले. समोरच्या खुर्चीत वानखेडे बाई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या, दाढ काढायला आल्यासारख्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या धरमपेठेत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर होतं. वानखेडे बाई एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्या दिवशी पाच वाजता त्यांचा हेडमिस्ट्रेसच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता. याआधी ही जागा त्यांची दोनदा हुकली होती.

"काहून हुकली?" मी विचारलं.

"या डोक्यापायी. मागच्या वेळी मी दाराबाहेर पडायच्या आत कमिटीतले एक जण म्हणाले, ज्या बाईला स्वतःचं डोकं आवरत नाही ती शाळा काय आवरणार. मला ऐकू आलं."

"आणि या वेळी?"

"या वेळी नाही झालं तर माझ्या हाताखालची बाई बसेल त्या खुर्चीत. मग रिटायर होईपर्यंत तिला गुड मॉर्निंग म्हणायचं."

डोकं खरोखरच साधं नव्हतं. दाट इतकं की माझ्या कंगव्याचा एक दात सकाळीच शहीद झाला होता. कुरळं, आणि त्यात काळं-पांढरं सगळं मिसळलेलं. बाई रोज सकाळी कोरड्या केसांतून कंगवा ओढायच्या, वर मूठभर खोबरेल थापायच्या आणि करकचून आंबाडा घालायच्या. तिसऱ्या तासापर्यंत पिना सुटून पडायच्या. वर्गातल्या मुली त्या गोळा करून टेबलावर ठेवायच्या.

बाईंना केस काळेही करून हवे होते. मी सरळ नाही म्हटलं. डाय लावण्याआधी पॅच टेस्ट करावी लागते. म्हणजे कानामागे थेंबभर लावायचा आणि एक दिवस वाट बघायची, खाज-सूज येते का. "सुजलेलं तोंड घेऊन जाल का कमिटीपुढे?" म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडला. राहिलं प्रेसिंग. प्रेसिंग म्हणजे केसांना इस्त्री. लोखंडी चिमटा स्टोव्हवर तापवायचा, केसांची एकेक बट त्यात धरायची आणि मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायची. मे महिना, पेटलेला स्टोव्ह, आणि वाऱ्यानं ज्योत हलू नये म्हणून बंद केलेला पंखा. आम्ही दोघी घामानं निथळत होतो.

दुपार सरली तेव्हा बाईंचे केस पाठीवर सरळ उतरले होते. त्यांनी आरशात पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "ही कोण?" मला माझ्या हातांचा अभिमान वाटला. चहा टाकायला मी आत गेले.

आमच्या सासूबाई सावनेरकडच्या. उन्हातला पाहुणा आला की त्याला आधी गूळपाणी आणि मग मधल्या खोलीतल्या कूलरसमोरची खुर्ची, हा त्यांचा शिरस्ता. पार्लरातून कोणी घामाघूम बाहेर आलेलं त्यांना बघवलं नाही.

"बस वं बाई इथं," त्यांचा आवाज मी आतून ऐकला. "चेहरा पाह्य कसा लाल झाला. थांब, तुह्याकडे करतो कूलर."

मी चहा घेऊन आले आणि ट्रे हातातच राहिला. कूलर म्हणजे ओल्या गवताच्या जाळीतून येणारा वारा. इस्त्री केलेल्या केसाला ओलसर हवा लागली की तो परत फिरतो. बाईंचं डोकं कापूस पिंजल्यासारखं फुगलं होतं. त्यांना पत्ता नव्हता. डोळे मिटून गार वारा खात होत्या.

"आई, हे काय केलं तुम्ही!"

"मले काय मालूम? मी त म्हटलं, बाई शिजून राहिली."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि त्यांना सगळं कळलं. चार वाजत आले होते. दुसऱ्यांदा चिमटा लावला असता तर केस जळाले असते, टोकांना वास तर आधीच येत होता. बाई रागावल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं.

"खोबरेल द्या," त्या म्हणाल्या. "आंबाडा घालते. तेच वाक्य ऐकीन अजून एकदा." आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मी तेलाची बाटली घ्यायला वळले तेव्हा त्यांची उजवी बाजू दिसली. आमच्या कूलरच्या नळीला चीर होती, त्यातून पाणी उडायचं. उजव्या कानाजवळचे केस त्या पाण्यानं पार भिजले होते. ते फुगले नव्हते. एकेक कुरळी बट सुटी झाली होती, गोल, चकचकीत, त्यात एखादा पांढरा केस चांदीच्या जोडव्यासारखा वळलेला.

मी ज्या क्लासमध्ये शिकले तिथे कुरळे केस सरळ करायला शिकवायचे. कुरळे ठेवायला कोणी शिकवलं नव्हतं. पण समोर दिसत होतं ते साधं होतं. दमट हवेनं अर्धवट ओला झालेला केस फुगतो. पुरता भिजला की आपल्या वळणावर जातो.

"बाई, नहाणीत चला."

बादलीभर पाण्यानं डोकं भिजवलं. तळहातावर तेलाचे दोन-चार थेंब चोळून बोटं केसांतून फिरवली. कंगवा नाही. टॉवेलनं खसाखसा पुसणं नाही. सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्यानं नुसतं दाबून पाणी टिपलं. मग बाईंना मागच्या व्हरांड्यात बसवलं. मे महिन्यातली आमची हवा अशी की धुतलेलं लुगडं दोरीवर पसरून होईस्तोवर वाळतं.

"आता हात नोको लावू," सासूबाईंनी बाईंना दम भरला आणि समोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या.

केस वाळत गेले तसे वळत गेले. वेटोळ्याला लागून वेटोळं, कपाळापासून पाठीपर्यंत, आणि कपाळाशी पांढऱ्याचा एक जाड पट्टा थेट मागे गेलेला. कोणी विणलं नव्हतं, कोणी वळवलं नव्हतं. मी शेकडो डोकी हाताळली होती. असं कधी पाहिलं नव्हतं. माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले. इतक्या सुंदर गोष्टीला मी सकाळपासून चटके देत होते.

"बाप्पा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "काय केस हाये वं तुहे."

मी आरसा दिला. बाईंनी मान वळवून दोन्ही बाजू पाहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्याच डोक्यावर होतं हे. आणि मी रोज पिना टोचत आले."

मानेवर सैल आंबाडा घातला. पुढचे कुरळे केस तसेच सोडले. सायकलरिक्षात बसताना त्यांनी आंबाडा चाचपला नाही, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या संत्रा बर्फी घेऊन आल्या. जागा मिळाली होती.

"ते डोक्यावरून बोललेले कमिटीवाले होते?" मी विचारलं.

"होते. आधी डोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आपल्या मुली गणितात मागे पडतात, तुम्ही काय कराल? तिसरा इंटरव्ह्यू माझा. शाळेबद्दल कोणी पहिल्यांदा विचारलं."

जागा केसांमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. बाईंचं गणित आधीपासूनच चांगलं होतं. केस फक्त मधून बाजूला झाले.

त्यानंतर कुरळ्या डोक्याला मी चिमटा लावला नाही. धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, की इस्त्री केलेलं डोकं कूलरसमोर बसवू नये. सासूबाईंना मात्र तो मान्य नव्हता. पार्लरात कोणी कुरळ्या केसांची बाई आली की त्या आतून विचारायच्या, "कूलर लावू काय वं?"